गड उतरल्यावर मांड्या का भरून येतात?

पावसाळी ट्रेक सुरू झाले की सोमवार-मंगळवारी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात एकच तक्रार येते: रविवारी गड झाला, आता जिना उतरवत नाही. दम चढताना लागतो, पण मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. हे पटायला थोडं जड जातं, म्हणून हे पत्रक.

स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. तो कंडरांनी हाडांना जोडलेला असतो. आखडला की मधला सांधा हलतो, आणि सांधा परत आणायला पलीकडच्या बाजूचा स्नायू लागतो. कोपर दंडाच्या पुढच्या स्नायूने दुमडतं, मागच्या स्नायूने सरळ होतं. गुडघ्याचंही तसंच. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू तो दुमडतात आणि पुढचे चार मिळून, म्हणजे क्वाड्रिसेप्स, तो सरळ करतात. या चौघांची कंडरा गुडघ्यावरून खाली नडगीच्या हाडाला जाऊन मिळते. गुडघ्याची वाटी याच कंडरेत बसलेली असते. ती कंडरेला सांध्यापासून जरा पुढे उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच ताकदीत गुडघा अधिक जोराने सरळ होतो.

आता उतरणीकडे या. चढताना क्वाड्रिसेप्स आखडत आखडत तुम्हाला वर उचलतो. उतरताना मात्र अंगाचा भार गुडघा दुमडायला बघतो आणि हाच स्नायू लांबत असतानाच जोर लावून तो भार हळूहळू खाली सोडतो. गच्चीवरून जड सामान दोराने खाली सोडताना हातांचं होतं तसंच. या कामाला ऊर्जा कमी लागते, धाप लागत नाही, म्हणून माणूस भराभर उतरत सुटतो. पण स्नायूच्या बारीक तंतूंना सूक्ष्म इजा होते ती याच वेळी. दुखणं लगेच जाणवत नाही. साधारण २४ ते ७२ तासांत ते सर्वांत जास्त असतं. लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे दुखतं हा समज अजून पुष्कळांचा आहे. ते तर गड उतरल्यावर तास-दोन तासांतच ओसरलेलं असतं.

अशा वेळी अंथरूण धरू नका. सपाट रस्त्यावर सावकाश चाला. मांड्या जोरजोरात रगडून घेऊ नका. चार-पाच दिवसांत बरं वाटायला लागतं, आणि त्याच स्नायूला पुढच्या वेळी तेवढा त्रास होत नाही, कारण शरीर या ताणाला लवकर सरावतं.

म्हणूनच तयारी उतरणीचीच करा. कळसूबाईला जायचं ठरलं असेल तर दोन-तीन आठवडे आधीपासून एक दिवसाआड खुर्चीवर बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश बसा, धपकन नको. असं दहा वेळा. जमायला लागलं की घरच्या जिन्याची एकेक पायरी त्याच गतीने, कठडा धरून उतरा. गुडघा आत वळू देऊ नका, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहू दे. आधीच गुडघेदुखी असेल तर हे सुरू करण्याआधी आम्हाला दाखवा.

दोन्ही मांड्या सारख्याच ठणकत असतील तर घाबरू नका. एकच गुडघा सुजला, पायावर भार देता येईना किंवा उतरताना काहीतरी तुटल्यासारखं वाटलं असेल, तर थांबू नका, तपासून घ्या. लघवी चहासारखी काळपट होत असेल तर आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जा. स्नायूंची मोठी मोडतोड झाली तर मूत्रपिंडाला धोका असतो.

तपासणीला येताना गुडघ्याच्या वर घेता येईल अशी सैल पँट घाला आणि ट्रेकचे बूट सोबत आणा.