‘पॉल्स बुटीक’ खरंच फुकटात झाला होता का?

सांगलीत विश्रामबागच्या कट्ट्यावर हिप-हॉपवेड्या पोरांत एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते: बीस्टी बॉईज या अमेरिकी हिप-हॉप बँडचा ‘पॉल्स बुटीक’ हा अल्बम शंभरएक गाण्यांचे तुकडे ढापून केला. कुणाला विचारलं नाही, दमडी दिली नाही. मग आपणच रिमिक्सला परवानगी का मागायची?

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. २५ जुलै १९८९ ला आलेल्या या अल्बममधल्या बहुतेक सॅम्पलची, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांची, रीतसर परवानगी घेतली होती, पैसे मोजून. फक्त तेव्हा भाव किरकोळ होते. डिसेंबर १९९१ मध्ये रॅपर बिझ मार्कीने वापरलेल्या सॅम्पलवरून झालेल्या खटल्यात न्यू यॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली. तिथून सगळं महागलं. आज असा अल्बम करायचा तर घरदार विकावं लागेल.

हा अल्बम ‘साफ आपटला’ असंही म्हणतात, तेही अर्धंच खरं. अमेरिकेतल्या बिलबोर्ड यादीवर तो १४ व्या क्रमांकापर्यंत गेला होता; बँडचा आधीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, म्हणून हा पडल्यासारखा वाटला. डस्ट ब्रदर्स या त्याच्या निर्मात्यांची करामत लोकांना उशिरा उमगली.

राहता राहिलं रिमिक्स. पुढे बँडनेच आपल्या काही गाण्यांचे नुसते आवाजाचे ट्रॅक चाहत्यांसाठी संकेतस्थळावर मोकळे केले होते. मिरजेचा तंबोरा त्याखाली कसा लागेल, हे मला कधीचं ऐकायचंय.