प्रमाणित बटाटा बेणे : भारतातील नियमन

लागवडीसाठी वापरायच्या बटाट्याची जातिशुद्धता आणि आरोग्य उभ्या पिकाच्या व काढलेल्या कंदांच्या तपासणीवरून ठरवून त्याला प्रमाणपत्र देणारी आणि अशा बेण्याच्या विक्रीवर देखरेख ठेवणारी कायदेशीर व्यवस्था. तिचा आधार बियाणे अधिनियम, १९६६ हा आहे. या अधिनियमाच्या व्याख्येत बियांबरोबरच कंद, मुळे, फाटे आणि कलमेही येतात, म्हणून बटाट्याचे बेणे कायद्याच्या दृष्टीने ‘बियाणे’च ठरते.

ज्वारी किंवा गव्हाच्या बियाण्याची बरीचशी परीक्षा प्रयोगशाळेत उगवणशक्ती पाहून होते; बटाट्याचे तसे नाही. मागच्या पिकाला जडलेले विषाणू कंदातून थेट पुढच्या पिकात उतरतात, आणि पर्णगुंडाळी किंवा ‘वाय’ विषाणूची बाधा झालेला कंद बहुधा निरोगी कंदासारखाच गुळगुळीत व टणक दिसतो. बाधा नजरेस पडते ती झाड वाढल्यावर, पानांवर. घरचेच बेणे वर्षानुवर्षे लावत राहिल्यास ही बाधा साठत जाते व उत्पादन घटते. बटाट्याच्या बेण्याचे नियमन गोणीपेक्षा शेताकडे अधिक पाहते, त्याचे कारण हेच.

हे विषाणू पसरवणाऱ्या किडींत हिरवा मावा मुख्य आहे. १९४९ मध्ये पाटण्यात स्थापन झालेल्या आणि १९५६ मध्ये सिमल्याला हलवलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बेण्यासाठी जे तंत्र रूढ केले, ते या किडीच्या वेळापत्रकावर बेतलेले आहे. डॉ. पुष्करनाथ यांच्या नावाशी जोडलेल्या या बीज-प्रक्षेत्र तंत्रात उत्तरेच्या मैदानी प्रदेशात निरोगी बेणे ऑक्टोबरमध्ये लावतात, रोगट व भेसळ झाडे उपटून टाकतात, आणि माव्याची संख्या १०० संयुक्त पानांमागे २० वर जाण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत, पाला कापून टाकतात. त्यानंतर साल पक्की होण्यासाठी कंद सुमारे १५ ते २० दिवस जमिनीतच ठेवतात. या तंत्रामुळे पूर्वी थंड डोंगराळ भागावर अवलंबून असलेले बेणे-उत्पादन पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशाच्या मैदानात आले. आजचा बेण्याचा सारा व्यापार याच बदलावर उभा आहे.

बेण्याची साखळी पैदासकार, पायाभूत १, पायाभूत २ आणि प्रमाणित अशा पायऱ्यांनी उतरते. पैदासकार बेण्याला सोनेरी पिवळे, पायाभूत बेण्याला पांढरे आणि प्रमाणित बेण्याला निळे लेबल असते. राज्याची प्रमाणीकरण यंत्रणा किमान चार वेळा शेत पाहते : मैदानी भागात लागवडीनंतर सुमारे ३५ दिवसांनी (डोंगराळ भागात ४५), नंतर ६० ते ७५ दिवसांच्या दरम्यान, तिसऱ्यांदा पाला कापल्याबरोबर आणि शेवटी त्यानंतर सुमारे १० दिवसांनी. शेवटची फेरी नव्याने फुटलेली पाने शोधण्यासाठी असते, कारण कापलेल्या खुंटावर आलेली कोवळी फूट माव्याला विशेष प्रिय असते आणि तिथे झालेली बाधा कंदात उतरण्यास वेळ लागत नाही. सौम्य मोझॅकची (पानांवर फिकट-गडद ठिपके पाडणाऱ्या विषाणुजन्य रोगाची) मर्यादा पायाभूत १, पायाभूत २ आणि प्रमाणित या पायऱ्यांना अनुक्रमे १, २ आणि ३ टक्के झाडांची आहे; तीव्र मोझॅक व पर्णगुंडाळीसाठी ती ०.५, ०.७५ आणि १ टक्का इतकी कडक आहे. ‘प्रमाणित’ म्हणजे रोगमुक्त असा अर्थ बाजारात सर्रास लावला जातो. वस्तुतः प्रमाणपत्र सांगते ते इतकेच, की रोग ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. काढणीनंतर कंदांचा आकार, कूज, खपली आणि काळी बुरशी यांची वेगळी तपासणी होते.

काही रोगांना मात्र टक्केवारीची सवलत नाही. चामखीळ रोगाची बुरशी आणि पुटी करणारी सूत्रकृमी ज्या जमिनीत आहे, तिथले बेणे प्रमाणित होऊ शकत नाही, कारण दोन्ही मातीत दीर्घकाळ टिकून राहतात. चामखीळ रोगामुळे दार्जिलिंग भागातील आणि सूत्रकृमीमुळे निलगिरीतील बटाटा बाहेर नेण्यावर पूर्वीपासून निर्बंध आहेत. २०१८ मध्ये हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि उत्तराखंडातील बेण्याच्या वाहतुकीवरही याच सूत्रकृमीमुळे केंद्र सरकारने बंदी घातली, आणि हिमाचलातील ज्या कुफरीचे नाव देशातील बहुतेक बटाटा जातींना मिळाले आहे तेथील बेणे-उत्पादनही तिच्या कक्षेत आले.

एवढ्या काटेकोर मानकांचे बळ प्रत्यक्षात कमी पडते, कारण प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. अधिसूचित जातीचे बेणे विकणाऱ्यावर किमान दर्जा राखण्याचे व खरा तपशील लेबलावर देण्याचे बंधन आहे. प्रमाणपत्र घेण्याचे नाही. त्यामुळे हिरव्या लेबलाचे सत्यप्रत बेणे, म्हणजे दर्जाची ग्वाही विक्रेत्याने स्वतःच दिलेले बेणे, कायदेशीरपणे विकता येते. शिवाय अधिनियमाच्या कलम २४ नुसार, स्वतः पिकवलेले बेणे आपल्याच जागेवरून, ते लावणाऱ्याला थेट विकणाऱ्यास हा कायदा लागू होत नाही. लहान शेतकऱ्यांच्या देवघेवीला ही सूट आवश्यकच होती, पण मोठ्या खरेदीत तिचा आडोसा कोण घेतो हे तपासणे अवघड आहे. मूळ कायद्यातील पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड कमाल ५०० रुपये आहे, आणि एका ट्रकभर बेण्याच्या किमतीपुढे तो नगण्य म्हणावा लागेल. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ अन्वये विक्रेत्याला परवाना घ्यावा लागतो; तो रद्द होण्याची भीती दंडापेक्षा अधिक परिणामकारक असते. सदोष बियाण्याबाबत शेतकरी ग्राहक म्हणून नुकसानभरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. नवे बियाणे विधेयक २००४ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झाला नाही. युरोपीय संघात याउलट प्रमाणपत्राशिवाय बेणे बाजारात आणताच येत नाही, आणि नेदरलँड्समध्ये १९३२ पासून एकच तपासणी संस्था हे काम पाहते.

महाराष्ट्राचा संबंध मुख्यतः खरेदीदाराचा आहे. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव, खेड व जुन्नर आणि साताऱ्यातील खटाव भागात बटाटा मोठ्या प्रमाणावर होतो. सातगाव पठार तर खरीप बटाट्यासाठीच ओळखले जाते. दख्खनच्या उबदार हवेत माव्यापासून मोकळा असा भरवशाचा दीर्घ काळ मिळत नाही व बेणे लवकर खालावते, म्हणून ते दरवर्षी प्रामुख्याने पंजाबातून मागवावे लागते. शेत तपासणारी यंत्रणा त्यामुळे एका राज्यात राहते आणि नुकसान सोसणारा शेतकरी दुसऱ्या राज्यात. अकोल्याच्या महाराष्ट्र राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेने ते शेत पाहिलेलेच नसते. मंचरच्या बाजारात कट्टा उघडून बेण्याचे डोळे, आकार आणि कूज पाहता येते, विषाणू पाहता येत नाही. बेणे कापून लावताना विळ्यावाटे होणारा बांगडी या जिवाणुजन्य रोगाचा प्रसार तर प्रमाणपत्राच्या पलीकडचाच. तिथे विळा निर्जंतुक करणे हा उपाय.

अलीकडे ऊतिसंवर्धित रोपांपासून जाळीघरात किंवा हवेत मुळे लोंबती ठेवून घेतलेले लघुकंद साखळीच्या आरंभी वापरले जातात, ज्यामुळे शेतातील पिढ्या कमी होतात. ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणीकरणाचे काम २००६ पासून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाकडे आहे, आणि पंजाबने २०२० मध्ये अशा बेण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जातीवरील मालकीचा प्रश्न यापासून वेगळा आहे. पेप्सिकोच्या ‘एफएल २०२७’ या जातीवरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर २०१९ मध्ये दाखल झालेले आणि पुढे मागे घेतलेले दावे वनस्पती जाती संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खालचे होते. त्या अधिनियमानुसार संरक्षित जातीचे बेणेही शेतकऱ्याला राखता, लावता व विकता येते. फक्त ते नाममुद्रा लावून विकण्यास मनाई आहे.