बँक खात्यांवरील साप्ताहिक नावे रकमा

एखाद्या शहरातील किंवा प्रांतातील बँकांनी आठवडाभरात ग्राहकांच्या खात्यांवर नावे (डेबिट) टाकलेल्या रकमांची एकूण बेरीज. चेक वटला, खात्यातून रोकड काढली किंवा पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळते केले, की तेवढी रक्कम खातेदाराच्या नावे पडते. या रकमांवरून त्या भागात त्या आठवड्यात किती पैसा हातांतून फिरला याचा अंदाज येतो. विसाव्या शतकात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत व्यापाराची तेजी-मंदी ओळखण्यासाठी ही आकडेवारी वापरली जाई. तिचे खरे महत्त्व प्रादेशिक होते. राष्ट्रीय उत्पन्नाचा सरकारसाठी केलेला पद्धतशीर अंदाज अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी अमेरिकी सिनेटपुढे ठेवला तो 1934 साली. राज्याराज्यांचे अधिकृत अंदाज त्यानंतर आले आणि शहरांचे तर फारच उशिरा. त्याआधी मिनिआपोलिसमध्ये किंवा डॅलसमध्ये गेल्या आठवड्यात धंदा कसा झाला, हे विचारायचे तर बँकांच्या खातेवहीइतके तत्पर उत्तर दुसरीकडे नव्हते.

पूर्वपीठिका : या आकड्यांच्या आधी क्लिअरिंग हाउसचे आकडे वापरात होते. वेगवेगळ्या बँकांचे कारकून एकमेकांवरचे चेक एका जागी आणून देवघेव करीत आणि फक्त फरकाची रक्कम चुकती करीत. लंडनच्या क्लिअरिंग हाउसमधील 1839 सालच्या उलाढालीचे विश्लेषण गणकयंत्राचा जनक चार्ल्स बॅबेज याने केले आणि ते 1856 मध्ये प्रसिद्ध झाले. न्यूयॉर्कचे क्लिअरिंग हाउस 1853 साली सुरू झाले. पुढे इतर शहरांतही ती निघाली आणि त्यांचे साप्ताहिक आकडे व्यापारी नियतकालिकांत छापून येऊ लागले. वाचकही ते बाजारभावाच्या तक्त्याइतक्याच गांभीर्याने पाहत.

या आकड्यांत एक मोठी खोट होती. क्लिअरिंग हाउसमध्ये जातो तो दुसऱ्या बँकेवरचा चेक. देणारा आणि घेणारा एकाच बँकेचे खातेदार असले तर चेक बँकेतल्या बँकेतच जिरतो आणि मोजणीत येत नाही. समजा, गावात दोन बँका आहेत. पिठाची गिरणी एका बँकेत खाते ठेवते आणि तिला धान्य विकणारे अडते दुसऱ्या बँकेत. गिरणीने दिलेला प्रत्येक चेक क्लिअरिंगमध्ये दिसतो. उद्या या दोन बँका एक झाल्या, तर गावचा क्लिअरिंगचा आकडा एका रात्रीत कोसळेल. गिरणी मात्र तेवढेच धान्य दळत असेल आणि अडत्यांना तेवढेच पैसे मिळत असतील. उलट बाहेरगावच्या बँकांसाठी वसूल केलेले आणि केवळ वाटेत असलेले चेक त्या शहरातल्या व्यापाराशी संबंध नसतानाही बेरीज फुगवीत. बँकांचे विलीनीकरण सुरू असताना अशा आकड्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे होते.

फेडरल रिझर्व्हची मालिका : पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्ह मंडळाने, हा प्रश्न मुळातून सोडवला. चेक कोणत्या वाटेने गेला हे न पाहता तो शेवटी कोणाच्या खात्यावर नावे पडला, एवढेच मोजायचे ठरले. प्रमुख शहरांतील बँकांकडून क्लिअरिंग हाउसांमार्फत आकडे गोळा होत. आठवडा बुधवारी संपे आणि त्याचे पत्रक फेडरल रिझर्व्हच्या बारा विभागांनुसार प्रसिद्ध होई. सलग तुलना करता येईल अशी 141 शहरांची मालिका 1919 पासून मिळते.

काय धरायचे आणि काय सोडायचे याचे नियम नेटके होते. व्यक्ती, पेढ्या, कंपन्या आणि सरकार यांच्या खात्यांवरील नावे रकमा धरल्या जात. बचत खात्यांतून व विश्वस्त खात्यांतून काढलेले पैसे आणि वटवलेली ठेवपत्रेही त्यात येत. एका बँकेचे दुसऱ्या बँकेतील खाते, क्लिअरिंगच्या फरकाची फेड, बँकेने स्वतःवर काढलेले चेक, बँकेचा खर्च आणि चुकीच्या नोंदींची दुरुस्ती या गोष्टी वगळल्या जात. जमा रकमा वेगळ्या मोजण्याचे कारण नव्हते. एकाने दिलेला पैसा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतोच आणि दोन्ही मोजले तर एकच व्यवहार दोनदा धरला जातो.

सिद्धान्ताच्या बाजूने या आकड्याला चांगले पाठबळ होते. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी 1911 मध्ये मांडलेल्या विनिमय समीकरणात पैशाचा साठा आणि त्याचा भ्रमणवेग यांचा गुणाकार एका बाजूला, तर सर्वसाधारण किंमतपातळी आणि व्यवहारांचे आकारमान यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूला असतो. नावे रकमांची बेरीज म्हणजे बँक-पैशापुरता पहिला गुणाकार आयता हातात. तिला सरासरी ठेवींनी भागले की पैसा वर्षातून किती वेळा फिरतो हेही निघते. न्यूयॉर्कच्या रिझर्व्ह बँकेतील संख्याशास्त्रज्ञ कार्ल स्नायडर यांनी 1920च्या दशकात याच पायावर व्यापाराचा निर्देशांक बांधला. नावे रकमांतून किंमतवाढ वजा करायची, हंगामी चढउतार काढायचे, दीर्घकालीन वाढीची रेषा बाजूला करायची आणि उरेल ती व्यापाराची भरती-ओहोटी. मुळात पत्रकारिता केलेल्या या गृहस्थांची आकड्यांवरची श्रद्धा थोडी जास्तच होती. पण ‘न्यूयॉर्क वगळून’ बेरीज घेण्याचा त्यांचा आग्रह अगदी रास्त होता.

न्यूयॉर्कची अडचण : बाकी सर्व शहरांची मिळून जेवढी बेरीज होई, त्याहून अधिक रक्कम 1929 साली एकट्या न्यूयॉर्कच्या खात्यांवर नावे पडली. तेवढा माल तिथे विकला जात नव्हता, हे सांगायला नको. शेअर बाजारातील सौदे, दलालांना दिलेली अल्पमुदतीची कर्जे आणि त्यांची रोजची फेड यांमुळे तोच डॉलर दिवसात पुनःपुन्हा मोजला जाई. व्यवहाराची पद्धत बदलली तरी आकडा हले. 1920 मध्ये शेअर बाजाराने सौद्यांची आपसात वजावट करणारी स्वतंत्र क्लिअरिंग संस्था काढली आणि एरवी लिहावे लागले असते असे असंख्य चेक लिहिण्याची गरजच उरली नाही. म्हणून पत्रकांत दोन बेरजा शेजारीशेजारी छापल्या जात : न्यूयॉर्क, आणि न्यूयॉर्कखेरीज बाकीची शहरे. देशाची नाडी पाहायची तर दुसरी बेरीज पाहावी, असा दंडक पडला. 1929 ते 1933 या मंदीच्या काळात ही दुसरी बेरीज जवळपास निम्म्यावर आली. राष्ट्रीय उत्पन्नाचा पैशातील आकडाही साधारण तेवढाच घसरला होता, हे नंतरच्या मोजणीत दिसून आले.

साप्ताहिक आकडा वाचताना पंचांग समोर ठेवावे लागे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भाडी चुकती होत. जानेवारीच्या आरंभी व्याज आणि लाभांश वाटले जात. 15 मार्च ही त्या काळी प्राप्तिकराची तारीख होती आणि पुढचे हप्ते जून, सप्टेंबर व डिसेंबरच्या मध्यावर पडत, त्यामुळे त्या आठवड्यांत बेरीज उसळे. सुटीमुळे एखादा आठवडा पाच दिवसांचा झाला की ती खाली येई. उत्तरेकडील गव्हाच्या पट्ट्यात सुगीनंतर धान्य बाजारात आले की शरदात आकडा चढे. लोहखनिजाच्या डलूथ बंदरात हिवाळ्यात सरोवर गोठून जहाजे थांबत. त्यामुळे गेल्या आठवड्याशी तुलना करण्यात अर्थ नसे. गेल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी करावी लागे आणि तीही सण मागेपुढे सरकला नसेल तरच.

बँकाच आजारी पडतात तेव्हा : 14 फेब्रुवारी 1933 रोजी मिशिगनच्या गव्हर्नरने राज्यातील सर्व बँका बंद ठेवण्याचा हुकूम काढला. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. कारखाने, दुकाने, घरमालक, सगळ्यांची खाती एका दिवसात गोठली. 6 मार्चपासून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सबंध देशातील बँका बंद केल्या आणि 13 मार्चपासून त्या टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या. या आठवड्यांत लोकांनी खरेदीविक्री सोडली नव्हती. उधारीवर, साठवलेल्या रोकडीवर, ठिकठिकाणी छापलेल्या तात्पुरत्या कागदी चलनावर ते दिवस काढत होते. मोजमाप खातेवहीचे होते आणि व्यवहार खातेवहीच्या बाहेर गेला होता. संकट सर्वांत तीव्र असते तेव्हाच हा निर्देशक आंधळा होतो, हा त्याचा मोठा दोष.

करामुळेही असेच होते. अमेरिकेत 21 जून 1932 पासून 1934च्या अखेरीपर्यंत प्रत्येक चेकवर दोन सेंट कर होता. लहान रकमांसाठी लोक रोख देऊ लागले आणि तेवढे व्यवहार मोजणीबाहेर गेले.

ऑस्ट्रेलिया : दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात ‘ग्राहकांच्या खात्यांवरील सरासरी साप्ताहिक नावे रकमा’ राज्यवार प्रसिद्ध होत आणि सरकारी वार्षिक ग्रंथांत त्यांचा तक्ता असे. महिन्यांचे दिवस कमीजास्त असतात, म्हणून आठवड्याची सरासरी काढण्याची पद्धत होती. राजधानीच्या शहरांतील शाखांमध्ये असलेली सरकारी खाती त्यातून वगळत, कारण खजिन्याची एकच मोठी रक्कम राज्याचा आकडा वाकवू शके.

किमती आणि प्रत्यक्ष व्यापार यांतला फरक ऑस्ट्रेलियाइतका ठळक क्वचितच दिसतो. कोरियन युद्धामुळे 1950-51च्या हंगामात लोकरीचा सरासरी भाव दर पौंड वजनाला 144 पेन्सवर गेला. आदल्या हंगामाच्या दुपटीहून तो अधिक होता. मेंढ्या काही दुप्पट झाल्या नव्हत्या. तरी लिलावातील प्रत्येक गाठीमागे खात्यांवर दुपटीहून मोठी रक्कम पडे, मेंढपाळ त्या पैशातून मोटारी व यंत्रे घेत, आणि ती रक्कम पुन्हा मोजली जाई. किंमत निर्देशांकाने भागून हे दुरुस्त करता येते, पण एका मालावर जगणाऱ्या प्रदेशाला देशाचा सरासरी निर्देशांक लागू करणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे.

दुसरी अडचण मुख्य कचेरीची. रक्कम नावे पडते ती खाते जिथे आहे तिथे. काम जिथे झाले तिथे नव्हे. ब्रोकन हिल प्रोप्रायटरी या कंपनीचे मुख्यालय व्हिक्टोरिया राज्यातील मेलबर्नला, पोलादाचा कारखाना 1915 पासून न्यू साउथ वेल्समधील न्यूकॅसलला आणि लोखंडाची खाण साउथ ऑस्ट्रेलियातील आयर्न नॉबला. मेलबर्नच्या खात्यावर काढलेला चेक व्हिक्टोरियाच्या पदरात पडणार, मग त्यातून घेतलेले यंत्र न्यूकॅसलच्या भट्टीत का बसेना. मजुरांचा पगार स्थानिक खात्यातून झाला तर तेवढाच भाग योग्य राज्यात दिसे. प्रादेशिक निर्देशक म्हणून या आकड्याची खरी मर्यादा हीच आहे. न्यूयॉर्क वगळण्यासारखा सरधोपट उपाय इथे चालत नाही, कारण प्रत्येक मोठे शहर आपल्या परिसरासाठी छोटे न्यूयॉर्कच असते. एकाच शहराची काळानुसार तुलना बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते. दोन शहरांची आपसातली तुलना मात्र फसवी असते.

ऑस्ट्रेलियाने 1983 मध्ये खात्यांवरील नावे रकमांवरच कर बसवला, तो 1991 मध्ये राज्यांकडे सोपवला आणि पुढे राज्यांनी तो रद्द केला. ज्याने व्यापार मोजायचा त्याच नोंदीवर कर बसला की लोक ती नोंद टाळण्याच्या वाटा शोधणार, हे ओघानेच आले.

भारत : भारतात रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली, अहमदाबाद, कानपूर, नागपूर अशा केंद्रांनुसार वटलेल्या चेकचे आकडे दिले जात. मुंबईच्या आकड्यात मुंबईचा धंदा किती आणि देशाचा किती, हे वेगळे काढणे अवघड होते. शेअर बाजार इथे, आणि जमशेदपूरला पोलाद गाळणाऱ्या टाटांच्या कंपनीची कचेरी फोर्टातल्या बॉम्बे हाउसमध्ये. शिवाय गावोगावच्या आठवडी बाजारातला बराचसा व्यवहार रोखीचा. त्यामुळे या आकड्यांवरून विदर्भाच्या किंवा मराठवाड्याच्या परिस्थितीबद्दल अनुमान काढणे कोणी फारसे मनावर घेतले नाही, ते योग्यच झाले.

ऱ्हास आणि पुनरागमन : अमेरिकेत पुढे साप्ताहिक पत्रकाची जागा मासिकाने घेतली, शहरांऐवजी महानगर क्षेत्रांचा आधार आला आणि 1990च्या दशकात मालिका बंद पडली. तोवर तिच्यात व्यापार फारसा उरला नव्हता. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या मोठ्या बँकांतील चालू ठेवी वर्षाला दोन हजारांहून अधिक वेळा फिरत होत्या, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवशी आठ वेळा. हा वेग वित्तबाजारातल्या इलेक्ट्रॉनिक देवघेवीचा होता.

तरीही 2020च्या साथीत अर्थशास्त्रज्ञ याच वाटेला परत आले. टाळेबंदीचा परिणाम तिमाही आकडेवारीत दिसेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. अमेरिकेत राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी कार्डखर्चाचे जिल्हावार आकडे जवळजवळ रोजच्या रोज मांडले. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने बँक ऑफ इंग्लंडच्या देयक प्रणालीतून कार्डखर्चाचा निर्देशांक काढला, ज्यात फेब्रुवारी 2020ची पातळी 100 धरली होती. कार्डाच्या नोंदीत दुकानाचा प्रकार कळतो आणि घाऊक वित्तव्यवहार त्यात शिरत नाहीत, ही जुन्या पद्धतीपेक्षा जमेची बाजू. पण घरभाडे आणि कंपन्यांची आपसातली देणी त्यातून निसटतात.

भारतात रिझर्व्ह बँक 2021 पासून मार्च 2018 = 100 धरून डिजिटल देयकांचा निर्देशांक प्रसिद्ध करते. त्याचा उद्देश डिजिटल देयकांचा प्रसार मोजण्याचा आहे, व्यापार मोजण्याचा नव्हे, आणि वाचतानाही तो तसाच वाचावा. नोव्हेंबर 2016च्या नोटाबंदीनंतर डिजिटल देवघेव वाढली त्यात बराच वाटा रोखीतून मोबाइलवर सरकलेल्या जुन्याच व्यवहारांचा होता. भाजीवाल्याने क्यूआर कोड लावला म्हणून त्याची भाजी जास्त खपली असे होत नाही. उलट दिशेने हाच प्रकार 1932 साली दोन सेंटच्या करामुळे घडला होता.