नाव साथीदारांचं: फ्लीटवुड मॅकच्या अनेक अवतारांची पार्श्वभूमी

'फ्लीटवुड मॅक' या रॉक बँडचे त्याच नावाचे दोन अल्बम आहेत, एक १९६८चा आणि दुसरा १९७५चा. पहिला लावला की लंडनच्या पबमधला खरखरीत ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडून आलेलं संगीत, ऐकू येतं. दुसऱ्यात कॅलिफोर्नियाचं ऊन आणि एकमेकांत मिसळलेले तीन गोड आवाज. न सांगता ऐकवले तर बँड एकच आहे यावर कोणी पैज लावणार नाही. दोन्हींत कायम असलेली माणसं दोनच: ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बेस वाजवणारा जॉन मॅकव्ही. गायक म्हणून दोघांनाही कोणी ओळखत नाही.

आपल्याकडे मैफल गाणाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, तबलजीच्या नाही. इथे उलटं झालं, आणि ते केलं गिटारवादक पीटर ग्रीनने. जॉन मेऑलच्या 'ब्लूजब्रेकर्स' या बँडमधून बाहेर पडून १९६७मध्ये त्याने बँड काढला. स्वतःचं नाव झालेलं असूनही त्याने दोन साथीदारांची आडनावं जोडून बँडचं नाव ठेवलं. गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा मेऑलकडची बांधलेली कमाई सोडायला तयारच नव्हता. १३ ऑगस्ट १९६७ला विंडसरच्या महोत्सवात बँड पहिल्यांदा वाजला तेव्हा बेसवर बॉब ब्रनिंग होता. नावातला 'मॅक' काही आठवड्यांनी आला.

ग्रीनच्या काळात बँड इंग्लंडमध्ये गाजला. 'ॲल्बाट्रॉस' ही शब्दांविना रचना तिथे पहिल्या क्रमांकावर गेली. पण एलएसडीची नशा आणि ढासळत गेलेलं मन यांतून ग्रीनला पैसाच नकोसा झाला. सगळी कमाई दान करावी असं तो म्हणू लागला. मे १९७०मध्ये तो बँड सोडून गेला. पुढच्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये दुसरा गिटारवादक जेरेमी स्पेन्सर हॉटेलमधून जरा बाहेर जाऊन येतो म्हणून निघाला आणि परत आलाच नाही. काही दिवसांनी सापडला तो 'चिल्ड्रन ऑफ गॉड' या पंथात. उरलेला दौरा निभावायला ग्रीनलाच बोलवावं लागलं. तिसरा गिटारवादक डॅनी कर्वन. १९७२मध्ये एका कार्यक्रमाआधी त्याने स्वतःची गिटार फोडली आणि स्टेजवर जायला नकार दिला. त्याला काढून टाकलं. ब्लूजचा हा सगळा काळ जेमतेम पाच वर्षांचा.

मधली वर्षं लोक सहसा ओलांडून जातात, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटतात. जॉनची बायको क्रिस्टीन १९७०मध्ये कीबोर्ड आणि गाण्यासाठी बँडमध्ये आली, १९७१मध्ये कॅलिफोर्नियाचा बॉब वेल्च आला. ब्लूज मागे पडून आवाज हळूहळू मऊ झाला तो या दोघांमुळे. आणि १९७४मध्ये नावाचाच झगडा उभा राहिला. दौरा अर्धवट सुटल्यावर मॅनेजर क्लिफर्ड डेव्हिसने नाव आपल्या मालकीचं आहे असं म्हणत भलतेच वादक जमवले आणि अमेरिकेत 'फ्लीटवुड मॅक' म्हणून पाठवले. तिकीट काढून आलेल्यांना स्टेजवर एकही ओळखीचा चेहरा दिसेना. प्रकरण कोर्टात गेलं. मूळ मंडळी लढाईसाठी जवळ राहायला हवं म्हणून लॉस एंजेलिसला हलली.

हे स्थलांतर झालं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. स्टुडिओ शोधत फ्लीटवुड 'साउंड सिटी'त गेला. तिथे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कीथ ओल्सनने नमुना म्हणून लिंडसे बकिंगहॅम आणि स्टिव्ही निक्स या जोडीचं एक गाणं वाजवून दाखवलं. वेल्चने बँड सोडल्यावर फ्लीटवुडने बकिंगहॅमला विचारलं. मैत्रीण बरोबर येणार असेल तरच, असं तो म्हणाला. गिटारवाला शोधताना गायिका मिळाली ती अशी.

१९७७च्या 'रूमर्स' या अल्बमच्या चार कोटींहून जास्त प्रती खपल्या. तो होत असताना जॉन-क्रिस्टीन आणि बकिंगहॅम-निक्स या दोन्ही जोड्या तुटत होत्या. त्यातल्या 'द चेन'वर रचनाकार म्हणून पाचही जणांची नावं आहेत. अल्बममधलं असं ते एकच गाणं. टाकून दिलेल्या तुकड्यांच्या टेप कापून, चिकटवून ते जुळवलं. शेवटाकडे सगळं थांबतं, ड्रमचे दबके ठोके उरतात आणि मॅकव्हीचा बेस एकटाच पुढे येतो. बीबीसीने फॉर्म्युला वन शर्यतींसाठी नेमका तेवढाच तुकडा उचलला.

म्हणजे नावातले दोघं असले की पुरे, असं मात्र नाही. बकिंगहॅम आणि निक्स नसताना १९९५मध्ये आलेल्या 'टाइम' या अल्बमवर फ्लीटवुड, मॅकव्ही आणि क्रिस्टीनही होते. अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या गाजणाऱ्या अल्बमांच्या यादीत तो चढलाच नाही. १९९७मध्ये 'रूमर्स'चे पाचही जण एकत्र आले आणि गर्दी परतली. २०१८मध्ये बकिंगहॅमलाच काढलं, २०२२मध्ये क्रिस्टीनचं निधन झालं.

१९९८मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने बँडचा सन्मान केला. यादीत आठ नावं होती. ग्रीन, स्पेन्सर आणि कर्वन होते. पडत्या काळात बँड तगवणारा वेल्च नव्हता. त्याच संध्याकाळी गिटारवादक कार्लोस सँटाना आणि त्याच्या बँडचाही सन्मान होता. ग्रीनचं 'ब्लॅक मॅजिक वुमन' अमेरिकेत घरोघरी पोचलं ते सँटानामुळे. त्या रात्री ग्रीन स्टेजवर आला, गिटार हातात घेतली आणि ते गाणं वाजवलं, सँटानाबरोबर.