स्टेजिंगवर तपासलेलं बिल्डच लाइव्हवर जातं
आमच्याकडून वेब ॲप्लिकेशन करून घेतलेल्या ग्राहकांसाठी

“बदल झालाय ना? मग टाका लाइव्हवर, दोन मिनिटांचं तर काम!” हे आम्ही नेहमी ऐकतो. टाकायला खरंच दोन मिनिटं लागतात. वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर.

तुमचं ॲप्लिकेशन तीन ठिकाणी चालतं. डेव्हलपमेंट सर्व्हर आमचा, तिथे रोज मोडतोड. स्टेजिंग तुमचा-आमचा दोघांचा, दिसायला लाइव्हसारखाच, पण आतला डेटा चाचणीचा. तिसरा लाइव्ह, म्हणजे तुमचे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात तो. बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार केलेलं, सर्व्हरवर टाकायचं पॅकेज, आम्ही एकदाच बनवतो, त्याला क्रमांक देतो आणि स्टेजिंगवर पास झालेलं तेच बिल्ड लाइव्हवर नेतो. लाइव्हसाठी पुन्हा बनवायला घेतलं, तर मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची (आम्ही वापरतो त्या इतरांच्या तयार कोडची) नवी आवृत्ती आत शिरू शकते. मग तुम्ही तपासलं एक आणि चालतंय भलतंच. क्रमांक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. ‘ओके’ कळवताना तो जरूर लिहा.

डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेच्या) गुप्त ‘की’ या गोष्टी बिल्डच्या बाहेर, त्या त्या सर्व्हरवर राहतात. हे शहाणपण ठेच लागून आलं. सुरुवातीला एका स्टेजिंगवर लाइव्हच्या डेटाची नक्कल होती आणि ईमेलचं सेटिंगही लाइव्हचंच राहिलं. ‘चाचणी १२३’ नावाच्या ऑर्डरची पोच खऱ्या ग्राहकांना गेली. आता स्टेजिंगवरून निघालेलं प्रत्येक ईमेल आमच्याच एका इनबॉक्समध्ये पडतं.

लाइव्हला एकाहून जास्त सर्व्हर असतील, तर एकेक बाजूला काढून त्यावर बिल्ड टाकतो, लॉगिन आणि मुख्य पानं उघडतात का ते बघतो आणि मगच वापरकर्त्यांचं ट्रॅफिक त्याच्याकडे वळवतो. शेवटी सगळीकडचा क्रमांक जुळतो का, हे स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, पडताळते. ही पडताळणी वरवर फालतू वाटते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीच्या ८ पैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत चुकीच्या ऑर्डरींनी कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाले.

खरी गोम डेटाबेसमध्ये असते. बिल्ड बिघडलं तर जुनं परत लावता येतं, पण मधल्या वेळात ग्राहकांनी भरलेली माहिती पुसून मागे जाता येत नाही. शिवाय सर्व्हर एकेक करून बदलताना जुनं आणि नवं बिल्ड काही काळ एकाच डेटाबेसवर चालतात. समजा, ‘पूर्ण नाव’ या रकान्याऐवजी तुम्हाला ‘नाव’ आणि ‘आडनाव’ वेगळे हवेत. जुना रकाना लगेच काढला तर जुनं बिल्ड जागीच कोसळेल. म्हणून आधी नवे दोन रकाने जोडायचे, काही दिवस माहिती तिन्हींत लिहायची, जुन्या नोंदी नव्या रकान्यांत भरून घ्यायच्या, आणि पुढच्या एखाद्या बिल्डमध्ये जुना रकाना काढायचा. एवढ्याशा बदलाला दोन-तीन टप्पे का, याचं उत्तर हेच.

लाइव्हवर गडबड दिसली तर आम्ही आधी जुनं बिल्ड लावतो आणि गडबडीचं कारण नंतर शोधतो. “आता लाइव्हवरच दुरुस्त करा” असा आग्रह कृपया धरू नका. आम्ही नाहीच म्हणू. शुक्रवारी संध्याकाळीही बिल्ड टाकत नाही.

नवं बिल्ड गेल्यावर सकाळपासून उघड्या असलेल्या टॅबमध्ये जुनाच कोड चालू असतो. बटण दाबूनही काही होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा तिथलीच. अर्धवट भरलेला फॉर्म सेव्ह करून पान एकदा रिफ्रेश करा. तरीही अडलं तर बिल्ड क्रमांक, वेळ आणि स्क्रीनशॉट पाठवा. वेळ मिनिटापर्यंत अचूक लिहिलीत, तर लॉगमधली (सर्व्हर आपोआप ठेवतो त्या नोंदींतली) नेमकी ओळ आम्हाला चटकन सापडते.