मेजी जपान आणि १९४५ नंतरचा जपान, यात घोळ घालू नका राव

दर ऑगस्टमध्ये व्हॉट्सॅपवर तो मेसेज येतोच, अणुबॉम्ब पडला, सगळं बेचिराख झालं आणि जपान शून्यातून मॉडर्न झाला. शून्यातून कसला? १९०५ ला त्सुशिमाच्या लढाईत याच जपानने रशियाचं आरमार बुडवलं होतं, ते काय तलवारी घेऊन?

जपान दोनदा बदलला आणि लोक ते दोन्ही एकातच ढकलतात. पहिला बदल मेजी काळातला, म्हणजे सम्राट मेजीच्या राजवटीतला, १८६८ पासूनचा. १८५३ ला अमेरिकेचा आरमारी अधिकारी पेरी काळी जहाजं घेऊन दारात उभा राहिला, शोगुनची (सम्राटाच्या नावाखाली खरा कारभार चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाची) पत गेली, आणि पुढच्या १५ वर्षांत सात्सुमा नि चोशू संस्थानांतल्या सामुराईंनी, म्हणजे तिथल्या लढवय्या वर्गाने, शोगुनला हटवून सम्राटाच्या नावाने कारभार हातात घेतला. मग धडाका बघा, १८७१ ला सगळी संस्थानं खालसा, १८७२ ला शाळांचा कायदा आणि तोक्यो-योकोहामा रेल्वे, १८७३ ला सक्तीची लष्करभरती आणि शेतसारा धान्याऐवजी रोख, जमिनीच्या किमतीच्या ३ टक्के. गंमत म्हणजे हे करणारे स्वतः सामुराई, आणि १८७६ ला त्यांनीच सामुराईंच्या तलवारी नि तनखे बंद केले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्यातल्याच साइगो ताकामोरी या सात्सुमाच्या सामुराईचं बंड झालं, ते भरती केलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेने मोडलं!

पण यात सामान्य माणसाला काय मिळालं? शाळा मिळाली, कर मिळाला, बंदूक मिळाली. मत नाही. १८८९ ची राज्यघटना सम्राटाने प्रजेला 'दिलेली', त्यात सम्राट पवित्र, आणि सैन्य थेट त्याच्या हाताखाली, म्हणजे संसदेला लष्कराला आवरायची सोयच नाही (१९३० च्या दशकात हेच भोवलं). १८९० च्या निवडणुकीत मत कोणाला, तर २५ वर्षांवरचे, १५ येन कर भरणारे पुरुष, म्हणजे जेमतेम १ टक्का लोक. बायका तर यादीतच नाहीत.

दुसरा बदल १९४५ ते ५२, अमेरिकी ताब्यातला. इथे कारखाने, रेल्वे, शाळा हे सगळं नव्याने शोधायचं नव्हतं, जळलेलं उभं करायचं होतं. बदलली ती सत्ता. एप्रिल १९४६ ला बायकांनी पहिल्यांदा मत दिलं आणि ३९ जणी निवडूनही आल्या. जमीनदारांची जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली, मित्सुई-मित्सुबिशीसारखी बडी उद्योगघराणी फोडली. नव्या घटनेचा मसुदा तिथला अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या लोकांनी आठवडाभरात लिहिला, त्यातलं स्त्रियांच्या हक्कांचं कलम २२ वर्षांच्या बेआते सिरोताने. सम्राट नुसता प्रतीक उरला, आणि कलम ९ ने युद्धच सोडून दिलं.

म्हणजे उलटंच की नाही, जे स्वतःहून केलं त्यात लोक प्रजाच राहिले, आणि जे परक्यांनी लादलं त्यात नागरिक झाले. लादलेलं म्हणून तिथले काहीजण आजही कुरकुरतात, पण १९४७ ला लागू झाल्यापासून त्या घटनेत एक शब्द बदललेला नाही.

तरी घोळ होतो याला थोडा जपानही जबाबदार आहे म्हणा. नवी घटना कागदोपत्री जुन्या मेजी घटनेची दुरुस्ती म्हणूनच मंजूर केली, आणि जाहीर कधी केली तर ३ नोव्हेंबर १९४६ ला, सम्राट मेजीच्या वाढदिवशी.