टीप (प्रतिमासंपादन)

चित्रातील एखाद्या जागेविषयी लिहिलेला, त्या जागेला जोडलेला, पण छपाईत न उमटणारा मजकूर म्हणजे टीप. चेहऱ्यावरचा डाग काढायचा आहे, पार्श्वभूमीचा निळा रंग ग्राहकाला पसंत नाही, लोगो अजून यायचा आहे, अशा गोष्टी त्या त्या ठिकाणीच नोंदवून ठेवायला ती वापरतात.

ही गरज संगणकाआधीची आहे. छापखान्यात चिकटवून तयार केलेल्या आर्टवर्कवर बटर पेपर लावत आणि सूचना त्या कागदावर पेन्सिलीने लिहीत. कॅमेऱ्यापुढे ठेवताना कागद बाजूला केला की खालचे काम जसेच्या तसे स्वच्छ. टिपेचे सारे मर्म या बटर पेपरात आहे: सूचना कामावर असावी, कामात मिसळलेली नसावी.

ॲडोबी फोटोशॉप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत होती. तेव्हा लेखी टिपेबरोबर आवाजातली टीपही ठेवता येई. ती पुढे काढून टाकण्यात आली. आता नोट टूल आयड्रॉपरच्या (चित्रातला रंग उचलण्याच्या साधनाच्या) गटात असते. चित्रावर क्लिक केले की तेथे छोटे चिन्ह दिसते आणि मजकूर नोट्स पॅनेलमध्ये लिहायचा असतो. वरच्या पट्टीत लिहिणाऱ्याचे नाव आणि चिन्हाचा रंग ठरवता येतो. एका फाइलवर तिघे काम करत असतील तर प्रत्येकाने आपला रंग धरावा. कोणती सूचना कोणाची, हे विचारत बसावे लागत नाही.

नवशिक्याला हमखास चकवणारी बाब अशी की ही टीप लेयरला (चित्रात एकावर एक रचलेल्या थरांपैकी एखाद्या थराला) नव्हे, कॅनव्हासवरच्या, म्हणजे चित्राच्या एकूण पटावरच्या, जागेला बांधलेली असते. लेयर सरकवला तरी टीप जागच्या जागी राहते आणि भलत्याच वस्तूकडे बोट दाखवू लागते. त्यामुळे मांडणी पक्की झाल्यावरच टिपा लिहिणे सोयीचे. टिपा पीएसडी (फोटोशॉपचे स्वतःचे स्वरूप), पीडीएफ आणि टिफ या स्वरूपांत टिकतात. जेपेग केले की जातात.

गिंप या मोफत चित्रसंपादन सॉफ्टवेअरमध्ये अशी जागेला जोडलेली टीप नाही. तेथे पूर्ण चित्रासाठी एकच शेरा लिहिता येतो. म्हणून अनेक जण सर्वांत वर वेगळा लेयर घेऊन त्यावर बाण, वर्तुळे आणि अक्षरे काढतात. फोटोशॉप वापरणारेही हे करतात, कारण बाण चटकन कळतो. मात्र तो लेयर बंद करायचा राहिला तर बाणासकट छपाई होते. लेयरला ‘सूचना’ असे ठळक नाव देणे आणि त्याला कधीही खालच्या लेयरमध्ये मर्ज (एकजीव) न करणे, एवढी शिस्त तरी पाळलीच पाहिजे.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. अक्षरांच्या लेयरसाठी दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन बसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर नोट्स पॅनेलमध्ये चिकटवला तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. टीप युनिकोडमध्येच लिहावी.

खुणा करणे आणि मजकूर झाकणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इथे आवर्जून सांगायला हवे. मोबाइलवरच्या अर्धपारदर्शक मार्करने आधार क्रमांकावर काळी रेघ ओढली तरी चित्र उजळवून तो वाचता येऊ शकतो. मार्च २०२३ मध्ये तर गूगल पिक्सेल फोनच्या मार्कअप साधनात कापून टाकलेला भाग फाइलच्या शेपटीत शिल्लक राहत असल्याचे उघड झाले. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही तसाच दोष निघाला. झाकायचेच असेल तर अपारदर्शक रंग भरावा, लेयर एकत्र करावेत आणि नवी फाइल निर्यात करावी.

चित्राविषयीची माहिती फाइलच्या पोटातही ठेवता येते. वृत्तछायाचित्रांसाठी आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या मानकसंस्थेचे ठरलेले रकाने आहेत, आणि ॲडोबीने २००१ मध्ये फाइलमध्येच माहिती नोंदवण्याची एक्सएमपी ही पद्धत आणली. स्मरणिकेतल्या समूहछायाचित्राखाली येणारी ‘डावीकडून तिसरे’ ही ओळ अशा रकान्यात लिहिली तर ती छायाचित्राबरोबर प्रवास करते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास मात्र ही माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास राहते. विकिमीडिया कॉमन्सवर तिसरीच रीत आहे: चेहऱ्याभोवती चौकट आखून लिहिलेले नाव फाइलच्या पानावर साठते आणि मूळ छायाचित्राला हात लागत नाही.